बिवलकरांची आठवी निवडणूक

निवासी विभाग, डोंबिवली पूर्व
गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कानांनी संप पुकारला आणि फोनवरचं बोलणं बंद झालं, त्याला आता दोन वर्षं होतील. त्यातून एक चांगलं झालं, माझं अक्षर सुधारलं. पोस्टातली बाई परवा म्हणाली, काका, आता पाकिटावर पत्ता हाताने लिहून आणणारे तुम्हीच उरलात.

बातमी अशी की निवडणूक जाहीर झाली आणि मी उभा राहतोय. अपक्ष, नेहमीप्रमाणे. ही आठवी खेप. सात वेळा पडलेल्या माणसाला आठव्यांदा पडायची भीती नसते, हे मी क्षिप्राला सांगितलं, तर ती ठाण्याहून तडक इथे आली आणि तासभर माझ्यावर ओरडून गेली. लेक डॉक्टर असली की बापाला पेशंट समजते. सुमेधा मात्र काही बोलत नाही. ती गप्प असली की मला जास्त भीती वाटते.

तुला नव्वद साल आठवतं ना? तू देवरूखहून महिनाभर येऊन राहिली होतीस. तुम्ही दोघी गॅलरीत बसून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायचात आणि आत स्टोव्हवर पोस्टरांसाठी मैद्याची खळ शिजत असायची. चिन्ह मिळालं शिडी. मी हिरमुसलो होतो, पण मारुती म्हणाला, सायेब, शिडी तर आपल्या गोदामात पडलीय. मांडववाला माणूस तो. सायकलला बांबूची शिडी आडवी बांधून सगळं डोंबिवली फिरला माझ्याबरोबर. चौकात खांबाला शिडी लावायची, मी चार पायऱ्या चढायचं आणि तिथूनच भाषण.

कोपरची गंमत तुला सांगितली होती का? मी शिडीवर चढून पाणीप्रश्नावर बोलत होतो, तर खालून एक आजी म्हणाली, बाबा, वर चढलाच आहेस तर तेवढा दिवा बदल, महिना झाला अंधार आहे. मारुतीने धावत जाऊन दुकानातून दिवा आणला, मी लावला. त्या गल्लीतली सगळी मतं मला पडली. पडली ती तेवढीच.

मानपाड्याला तेव्हा भातखाचरं होती, मंदे. भाषण संपवून परत येताना बेडकांच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता तिथे बत्तीस मजले आहेत आणि खाली गाड्यांची रांग.

मला पुन्हा एकदा लोकांच्या दारात जायचंय. हल्ली उमेदवार दारात येत नाहीत, मोबाइलवर येतात.

तुझा,
त्र्यंबकदादा


देवरूख
२२ ऑक्टोबर

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी इतकी मोठ्याने हसले म्हणे, की सूनबाई स्वयंपाकघरातून पळत आली. मला माझं हसूसुद्धा ऐकू येत नाही, त्यामुळे ते किती मोठं होतं याचा अंदाज येत नाही.

उभा राहा. जरूर राहा. या वयात लोक गुडघ्यांच्या गोष्टी करतात, तू गल्ल्यांच्या करतोस. नव्वद सालचा तो महिना मी कशी विसरेन? सासरच्यांना सांगून आले होते की भावाला बरं नाही, आणि तू शिडीवर उभा असलेला फोटो वर्तमानपत्रात आला. आमच्या मामंजींनी तो कापून ठेवला होता. म्हणाले, आजार दिसतोय खरा.

तेव्हाचं डोंबिवली माझ्या मनात पाण्याच्या आवाजाचं आहे. पहाटे नळाला पाणी आलं की सगळ्या इमारतीत एकदम बादल्या खणखणायच्या आणि वहिनी मला उठवायची. आता सगळंच शांत झालंय, पण तो खणखणाट अजून येतो कानात.

सोबत कोकमं पाठवते. उन्हात फिरून आलास की सरबत घे. वहिनीला सांग, दोन ओळी लिहीत जा. की नणंद बहिरी झाली म्हणून बोलणंच संपलं?

तुझी,
मंदा


डोंबिवली
शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ती. मंदावन्संना सुमेधाचा सप्रेम नमस्कार.

कोकमं मिळाली. तुमचं पत्र यांनी मला दोनदा वाचून दाखवलं, आणि आल्यागेल्यालाही दाखवलं.

वन्सं, राग मानू नका, पण एक विनंती आहे. यांना या वेळी भरीला घालू नका. वय झालं, पाय सुजतात, ऊन अजून उतरलेलं नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी सूचक म्हणून सह्याही देऊन टाकल्या. त्यांना ही गंमत वाटते, दर पाच वर्षांनी येणारा सण असतो तशी. सोमवारी अर्ज भरायचं चाललंय. तुम्ही लिहिलंत की राहू दे दादा, तर ते ऐकतील. माझं ऐकणार नाहीत आणि क्षिप्राचं तर नाहीच.

समोरून कोण उभं आहे तेही तुम्हाला सांगायला हवं. आपल्या मारुतीचा साईनाथ. मोठ्या पक्षाचं तिकीट आहे त्याला. मांडवाच्या धंद्यातून डेकोरेटर झाला, मग बिल्डर, मग नगरसेवक. वागायला चांगला आहे, अजून दिसला की वाकतो. त्याच्याविरुद्ध यांनी उभं राहावं, हे मला बरं वाटत नाही.

एवढंच. बाकी ठीक.

तुमची,
सुमेधा


देवरूख
२८ ऑक्टोबर

सौ. वहिनीस,

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगते, वाईट वाटलं. तू मला दादाला अडवायला सांगतेस. पाय सुजतात म्हणून? पाय तर माझेही सुजतात.

वहिनी, तू पहिल्यापासून अशीच. नव्वद सालीही खळ शिजवताना तुझ्या कपाळावर आठी असायची, ती मला दिसायची. बँकेतली नोकरी, घर, क्षिप्रा, सगळं तू ओढलंस हे मान्य. पण दादाने आयुष्यात दुसरं केलं काय? दारू नाही, पत्ते नाहीत. रंगाच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत वास घेत तीस वर्षं काढली आणि दर पाच वर्षांनी एक महिना स्वतःसाठी जगला. तो एक महिनाही तुला जड होतो का?

साईनाथचं म्हणशील, तर मारुती असता तर त्याने स्वतः मुलाविरुद्ध दादाची शिडी वाहिली असती.

मी त्याला थांब म्हणणार नाही. स्पष्ट लिहिलं, कारण हळू बोलणं आता मला जमत नाही.

तुझी,
मंदा


डोंबिवली
बुधवार, ३० ऑक्टोबर

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

सोमवारी अर्ज भरला, आज छाननीत तो वैधही ठरला. कचेरीत भली मोठी गर्दी, ढोल काय, फेटे काय. मी आणि सुमेधा रिक्षाने गेलो. शिपायाने मला ओळखलं. म्हणाला, शिडीवाले काका, आलात का? अर्धं काम तिथेच झालं.

मंदे, गंमत सांगायची राहिली. नव्वद साली कोपरला मी शिडीवर चढून पाणीप्रश्नावर बोलत होतो, तर खालून एक आजी म्हणाली, बाबा, वर चढलाच आहेस तर तेवढा दिवा बदल, महिना झाला अंधार आहे. मारुतीने धावत जाऊन दुकानातून दिवा आणला, मी लावला. त्या गल्लीतली सगळी मतं मला पडली. पडली ती तेवढीच.

उद्या मारुतीकडे जाणार आहे. बऱ्याच दिवसांत आला नाही. त्याच्याशिवाय प्रचाराला सुरुवात केली तर रुसून बसेल.

कोकमं पाठव म्हणजे झालं. उन्हात फिरल्यावर सरबत बरं.

तुझा,
त्र्यंबकदादा


डोंबिवली
शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मंदावन्सं,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. क्षिप्रा दिवाळीसाठी इथे आली आहे, ती संध्याकाळी कल्याण डेपोत जाऊन देवरूखच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईल. तुमच्या मुलाला मेसेज केलाय, तो सकाळी स्टँडवर येईल. मेसेजमध्येच लिहिता आलं असतं, पण मग ते आधी त्याने वाचलं असतं.

मागच्या पत्रात मी तुम्हाला खरं कारण सांगितलं नाही. तुम्ही जे लिहिलंत त्याचा राग नाही. मी लपवलं, मग तुम्हाला कळणार कसं?

हे विसरतात, वन्सं. चष्मा, किल्ली विसरतात तसं नव्हे, तसं तर मीही विसरते. ऑगस्टमध्ये क्षिप्राने यांना ठाण्याला तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, हळूहळू वाढेल. यांच्यासमोरच सांगितलं सगळं. यांनी नीट ऐकून घेतलं, प्रश्न विचारले, आणि घरी येताना गाडीत म्हणाले, कुणाला बघायला गेलो होतो आपण?

पत्रं लिहितात ती स्वच्छ. जुनं सगळं लख्ख आहे. म्हणून तुम्हाला शंका आली नाही.

काल आम्ही मानपाड्याला मारुतीच्या घरी गेलो. यांनी खादीचं जाकीट घातलं होतं. आता तिथे तीन मजली बंगला आहे, पण आईसाठी, गोदूबाईंसाठी, साईनाथने जुना ओटा तसाच ठेवलाय. अंगणात त्याची प्रचाराची मुलं, झेंडे, जेवणाची पातेली. हे सरळ ओट्यापाशी गेले आणि विचारलं, मारुती कुठंय?

सगळी मुलं आमच्याकडे बघायला लागली. मला जमीन दुभंगावी असं झालं. मारुतीला जाऊन आठ वर्षं होतील. यांनीच खांदा दिला होता.

गोदूबाईंनी यांच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाल्या, "कोपरला गेलाय मांडव घालायला. बस ना भाऊ, येल तो."

हे बसले. चहा घेतला, करंजी खाल्ली, वाट पाहिली. मग मी येऊन गेलो म्हणून सांगा, असं म्हणून उठले. रिक्षात मला म्हणाले, या वयात मारुतीने बांबूवर चढायला नको. निघताना गोदूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. मला हळूच म्हणाल्या, "त्याला काय बोलू नको हां. मीपन सांजची वाट बघतंच."

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण काल घरी आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. गोदूबाईंनी मायेने केलं ते. मी मात्र गेला महिनाभर तेच करतेय आणि त्याला माया म्हणवत नाही. कारण सांगते. घराबाहेर पडून जुन्या गल्ल्यांतून हिंडायला लागले की हे पूर्वीसारखे होतात. चाल बदलते, विनोद सुचतात, माझी थट्टा करतात. ते बघायचा मला लोभ सुटला. म्हणून अर्ज भरू दिला. आणि आता लोक यांना मत देतील. थोडेच देतील, पण विश्वासाने देतील. जे आपल्याच्याने होणार नाही त्यासाठी मत मागायचं नाही, हे यांनी सात निवडणुकांत पाळलं.

सोमवारी दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घेता येतो. क्षिप्रा म्हणते, आई, कागद पुढे ठेव, बाबा सही करतील. करतीलच. मी ठेवेन त्या कागदावर ते न वाचता सही करतात. म्हणूनच मला ते करवत नाही.

आणि सांगायला बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?

तुमची,
सुमेधा


देवरूख
२ नोव्हेंबर, पाडवा

वहिनी, सोबतचं पत्र दादाचं आहे. उद्या सकाळी त्याच्या हातात दे आणि तू शेजारी बस. माझ्या मागच्या पत्राबद्दल काय लिहू? ते फाडून टाक.

ती. दादा,

उद्या भाऊबीज. मला प्रवास झेपत नाही, म्हणून हे पत्र रात्रीच्या गाडीने पाठवते आहे. हे वाचायच्या आधी चहा पिऊन घे.

मारुती गेला, दादा. आठ वर्षं झाली. तूच मला कळवलं होतंस. तू लिहिलं होतंस की तिरडीचे बांबू त्याच्याच गोदामातले होते, आणि खांदा देताना तुझ्या मनात आलं, ह्या बांबूची शिडी झाली असती. ते पत्र माझ्या कपाटात आहे.

गुरुवारी तू त्याच्या घरी जाऊन त्याची वाट बघत बसलास. कोपरच्या दिव्याची गोष्ट तू मला तेरा दिवसांत दोनदा लिहिलीस, शब्दाला शब्द तीच. तुझं दुसरं पत्र आजच आलं. पहिली वाचताना मी हसले होते, आज दोन्ही पत्रं शेजारी ठेवून ताडून पाहिली. तुला विसर पडतोय. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये तुला ते सांगितलंय. तेही तू विसरलास.

मी हे तुला का सांगते आहे ते ऐक. माझे कान जायला लागले तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. घरातली माणसं आपापसांत बोलायची, हसायची, मी विचारलं की म्हणायची, काही नाही. वर्षभर मी ते "काही नाही" ऐकलं. बहिरेपणाचं मला एवढं दुःख नाही, दादा, पण त्या "काही नाही"ने मी माझ्याच घरात पाहुणी झाले. तुझ्या बाबतीत ते व्हायला नको.

आता काय करायचं ते तू ठरव. वहिनी नाही, क्षिप्रा नाही, मीही नाही. वहिनीला विचार, ती खोटं बोलणार नाही. सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे. तुझं डोकं सकाळी चांगलं चालतं, लहानपणापासून. सकाळीच ठरव.

ओवाळणी म्हणून काही मागत नाही. पत्रं मात्र थांबवू नकोस.

तुझी,
मंदा


डोंबिवली
मंगळवार, ५ नोव्हेंबर

चि. मंदे,

चहा आधी प्यायलो नाही. पत्र वाचून झाल्यावर कप तसाच गार झाला होता.

मी ते पत्र परत परत वाचलं. मग सुमेधाला विचारलं, हे खरं का? ती करंज्यांचा डबा भरत होती. डबा बाजूला ठेवून समोर बसली आणि म्हणाली, खरं. एवढंच म्हणाली. आत क्षिप्रा रडत होती, ते आम्हाला ऐकू येत होतं.

तुला एक सांगू? मला अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. जिना चढताना पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं होतं हल्ली. दचकायला होतं, मग मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेतो. लोक हसतात, मलाही वाटतं चाललंय. गेल्या महिन्यात एकदा मानपाडा रोडवर उभा होतो आणि घर कुठल्या बाजूला ते कळेना. एका रिक्षावाल्याने विचारलं, काका, कुठे सोडू? मी म्हटलं, जुन्या गोष्टी आठवतोय, जा तू. त्याला खरं वाटलं.

मारुती गेला हे वाचून मी पुन्हा रडलो. सुमेधा म्हणते, तेव्हा तुम्ही रडला नव्हतात, सगळी व्यवस्था बघत होतात. म्हणजे ते रडणं राहिलं होतं, ते झालं.

रविवारीच ठरवलं. काल सकाळी सुमेधाला घेऊन कचेरीत गेलो आणि अर्ज मागे घेतला. सही मी वाचून केली, मुद्दाम सावकाश वाचून. तिथला अधिकारी तरुण होता. त्याने मला बाजूला बसवून विचारलं, "काका, कुणाचा दबाव वगैरे नाही ना?"

मी म्हटलं, "आहे. धाकट्या बहिणीचा."

बाहेर आलो तेव्हा हलकं वाटलं, असं लिहिणार होतो. पण तुला खरं लिहायचं ठरवलंय. हलकं वाटलं नाही. फाटकापाशी कुणाच्या तरी मिरवणुकीची तयारी चालली होती, ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. मी तिथे उभा राहून बघत बसलो. सुमेधाने चला म्हटलं नाही. पस्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर रस्त्यात अशी रेंगाळली. मग आम्ही दोघांनी नाक्यावर उसाचा रस घेतला.

तू वहिनीला बोललीस म्हणे, तिच्या कपाळावर आठी असायची. तुला ठाऊक नाही म्हणून सांगतो. नव्वद साली निकालाच्या संध्याकाळी मी घरी आलो, तर ही खळीचं पातेलं घासत होती. मला म्हणाली, हे ठेवून देते, पाच वर्षांनी लागेल. त्या एका वाक्यावर मी पुढच्या सहा निवडणुका लढवल्या.

ती कोपरची गोष्ट तिसऱ्यांदा लिहिली तर समासात खूण कर. पण वाच.

तुझा,
त्र्यंबकदादा


देवरूख
९ नोव्हेंबर

ती. दादा, पत्र पोचलं. ते उशाशी ठेवलंय. तिसऱ्यांदा लिही, दहाव्यांदा लिही, मी खूण करणार नाही. वहिनीने आता सविस्तर लिहावं. सगळं. चांगलं आणि वाईट दोन्ही.

मंदा


डोंबिवली
रविवार, २४ नोव्हेंबर

ती. मंदावन्संना सुमेधाचा नमस्कार.

सगळं लिहा म्हणालात, म्हणून सवडीने बसले आहे. हे आत झोपलेत.

अर्ज मागे घेतल्यावर तीन-चार दिवस यांना पक्कं आठवत होतं. मग एका संध्याकाळी जाकीट घालून बाहेर आले आणि म्हणाले, पत्रकं कुठेत? मी सांगितलं, अहो, आपण अर्ज मागे घेतला ना? इतके ओशाळले की मला बघवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाकीट घातलं तेव्हा मी काही न बोलता चपला घातल्या आणि बरोबर निघाले. त्यांनी विचारलं असतं तर खरं सांगायचं, हे मी मनाशी धरलं होतं. तुम्ही शिकवलंत ते. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोलले नाही.

निवासी विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. पेपरात नावं आली होती, आणि आपल्या गल्लीत बातमी पेपरापेक्षा लवकर पोचते. मला धास्ती वाटत होती, कुणीतरी दारातच म्हणेल, काका, तुम्ही तर माघार घेतलीत. कुणी म्हणालं नाही. समोरच्या इमारतीतल्या शीलाने आम्हाला आत बोलावून बसवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा टँकरची रांग कशी लागायची, ते सांगत बसली. यांना त्या टँकरच्या ड्रायव्हरचं नावसुद्धा आठवत होतं. पुढच्या दारात मधु निघाली. नव्वद साली ही म्हणे यांच्या शिडीमागून धावायची, आता तिची मुलगी कॉलेजात आहे. आम्ही जायचो त्या बहुतेक इमारती आता पाडून नव्या झाल्यात. हे मात्र जुन्याच नावांनी हाका मारतात. वॉचमन अडवतो, मग वरून कुणीतरी ओरडतं, सोड रे त्यांना.

आणि एक माझ्या लक्षात आलं, वन्सं. पहिल्या दिवसापासून यांनी मत कुणाकडेच मागितलं नाही. पाणी येतं का वेळेवर, एवढं विचारायचे, आणि बसायचे. आत कुठेतरी त्यांना माहीत होतं की काय, मला सांगता येणार नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी साईनाथची मिरवणूक आमच्या रस्त्याने आली. उघडी जीप, ढोल, गुलाल. आम्ही कोपऱ्यावर उभे होतो. त्याने यांना पाहिलं आणि जीप थांबवून खाली उतरला. हाताने ढोल बंद करायला लावले. येऊन वाकला. शेजारच्या मुलाने व्हिडिओ काढायला मोबाइल वर केला, तर साईनाथने न बघताच त्याचा हात खाली केला.

मला वाटलं, आता हे मारुतीची चौकशी करणार, भर रस्त्यात. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू मारुतीचा. तुझे वडील गेले, मला माहीत आहे."

साईनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पुढे बोलत राहिले. "मांडव उतरवला की तो आधी खड्डे बुजवायचा. मालक म्हणायचे, राहू दे रे, जा आता. पण पहारीने ठोकून माती सारखी केल्याशिवाय तो सायकलवर बसायचा नाही. तू निवडून येशील असं दिसतंय. निघताना खड्डे बुजवत जा."

तो बरं म्हणाला. पुढच्या वळणापर्यंत ढोल वाजले नाहीत.

बुधवारी मतदान झालं. सकाळी लवकर गेलो, शाळेत आमचं केंद्र होतं. पायऱ्यांपाशी ज्येष्ठांसाठी खुर्ची होती, यांनी ती नाकारली. माझं मत देऊन झालं, मी बाहेर चिंचेखाली थांबले. हे येईचनात. आत काही गोंधळ झाला की काय म्हणून मी दारापर्यंत गेले, तर मतयंत्राभोवतीच्या पुठ्ठ्यापाशी यांची पाठ दिसत होती, शांत उभी. अधिकारी बाई मला खुणेने म्हणाल्या, घेऊ द्या त्यांना वेळ.

बाहेर आले तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी विचारलं, एवढा वेळ?

म्हणाले, "सुमेधा, पस्तीस वर्षांत विधानसभेला मी दुसऱ्या कुणाला मतच दिलं नव्हतं. आपलं नाव शोधायचं आणि मोकळं व्हायचं. आज पहिल्यांदा सगळी नावं वाचली. विचार करावा लागला."

"मग कुणाला दिलंत?"

"ते गुप्त असतं."

काल निकाल लागला. साईनाथ आला निवडून, फार मोठ्या फरकाने नाही. रात्री गोदूबाईंनी घरी पेढे पाठवले. हे पेढा खात होते तेव्हा मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, आता तरी सांगा, यातलं एक मत तुमचं होतं का?

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसले, अगदी पूर्वीसारखे, आणि म्हणाले, "सुमेधा, आता ते माझ्यापासूनही गुप्त आहे."

तुमची,
सुमेधा